हलगे सरांचं प्रॅक्टिकल

हलगे सर खरा माणूस होता, असं जो तो म्हणतो. आमच्या घरातलीच्या दहाव्याला बी म्हणाले. पिंडाला कावळा शिवला, लोक घरी येऊन मांडवात टेकले, आणि शाळेतली जुनी पोरं, आता टक्कल पडलेली, सरांच्या गोष्टी काढून हसायला लागली. मला सगळे मामा म्हणतात. शाळेच्या शिपायाला म्हणतातच. त्यातला एक म्हणाला, “मामा, असा मास्तर आता व्हायचा न्हाई.” मी नुसता हं केलं.

माझी लेक लता तेव्हा चहा देत फिरत होती. आईच्या अग्नीला ती पोचली नव्हती. कर्नाटकात उसाच्या फडात होती. मुकादमानं सोडल्यावर, गाड्या बदलत इथं येईस्तोवर राख गार झाली होती. मांडवातले दोघं जण तिच्याच वर्गातले. तिनं कप पुढं केला, त्यांनी घेतला, आणि सरांची गोष्ट पुढं चालू ठेवली. तोंडाकडं पाहिलं नाही कुणी.

सर खरा होता, मला बी मान्य आहे. त्यांच्या प्रयोगशाळेच्या कपाटाची किल्ली माझ्या करगोट्याला असायची. त्यांचा खरेपणा मी जवळून पाहिला आणि तो कुणाच्या अंगावर पडला तेही पाहिलं. म्हणून लिहितो. माझं शिक्षण चौथीपर्यंतचं, तेव्हा गोडगोड लिहिता येणार नाही.

नांदूरघाटाच्या वाटेला माळावर आमची शाळा. कारखाना सहकारी, शाळा कारखान्याची, आणि आम्ही सगळे कारखान्याच्या जिवावर. सर लातूरकडचे, लिंगायत. कपाळाला विभूतीचे तीन पट्टे ओढून यायचे, दुपारपर्यंत घामानं एखादाच शिल्लक राहायचा. बायको-पोरं लातुरात, आपण शाळेमागच्या खोलीत. पायांत टायरच्या चपला. सदऱ्याच्या खिशात रुपयाएवढं होकायंत्र. एसटीत बसले तरी ते काढायचे आणि सीटच्या लोखंडाजवळ धरून सुई कशी वळते ते बघायचे. शेजारचा माणूस विचारायचा, काय बघता गुरुजी. तर म्हणायचे, “सुईला कोण खेचतंय ते बघतो. आपल्याला दिसत न्हाई, तिला कळतं.”

तोंड मात्र फटकळ. बारावीच्या पोराला बी ‘बे’ म्हणूनच हाक. फळ्यावर लिहून द्या, पाठ करतो, असं कुणी म्हणालं की खडू फेकून मारायचे. “आधी जोड बे, मग बोल.” वायर, बॅटरी, किल्ली म्हणजे करंटचं बटण, सगळं पोरानं आपल्या हातानं जोडायचं. चुकलं तर सोडायचं, परत जोडायचं. शाळा सुटून गेली तरी पोरं जोडतायत आणि मी दाराशी कुलूप घेऊन बसलोय, असं कैक वेळा झालं.

प्रयोगशाळेचं उद्घाटन झालं तेव्हाची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. कारखान्याचे चेअरमन आले होते. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. गडी धिप्पाड, जवानीत कुस्त्या मारलेला. सरांनी लोखंडाच्या एका जाड कांबीवर तांब्याची तार गुंडाळून ठेवली होती, तिला बॅटरी लावली आणि खाली लोखंडी पट्टी चिकटवली. म्हणाले, अण्णा, एवढी पट्टी ओढून काढा. अण्णांनी एका हातानं ओढली, निघेना. मग फेटा नीट केला, दोन्ही हात लावले, पाय रोवला. सगळे श्वास धरून बघतायत. सरांनी हळूच किल्ली उघडली. करंट बंद, पट्टी सुटली, आणि अण्णा पट्टीसकट सरपंचाच्या मांडीवर.

अण्णा उठले, धोतर झटकलं आणि म्हणाले, “गुरुजी, पुढाऱ्याला कसं पाडायचं हे शिकवता का पोरांला?”

सर म्हणाले, “पाडलं न्हाई, अण्णा. धरून ठेवणारं सोडून गेलं.”

अण्णा हसले. पण पुढं त्या प्रयोगशाळेला वायरचं एक बंडल मिळवायलाही सरांना खेटे घालावे लागले.

आता प्रॅक्टिकलचं सांगतो, कारण सगळं तिथंच अडलं. बारावीला प्रॅक्टिकलला तीस मार्क असत. आमच्या भागात रीत अशी, की बाहेरच्या कॉलेजातून परीक्षक यायचा, त्याला गावठी कोंबडं नाहीतर मटण, वर पानाचा विडा. पोरांनी टेबलाला हात लावो न लावो, सगळ्यांना तीसच्या घरात मार्क. धारूरपासून चौसाळ्यापर्यंत कुठंही जा, हेच. पोरं प्रॅक्टिकलच्या दिवशी इस्त्रीचे कपडे घालून फोटोला आल्यासारखी यायची. ह्यात कुणाला वाईट वाटायचं नाही. गरिबाची पोरं, तेवढाच हातभार, असं सगळे म्हणायचे. मी बी म्हणायचो.

सर ते मानायचे नाहीत. परीक्षक जेवायला बसला की हे त्याच्यासमोर पोराला उभं करायचे. जोडून दाखव. जेवढं जोडलं तेवढे मार्क. अण्णांच्या पुतण्याला असेच नऊ मार्क पडले. त्याचा बाप शाळेत येऊन शिव्या देऊन गेला. सर म्हणाले, नऊ बी जास्त झाले, किल्ली कुठली ते त्याला मी दाखवलं. त्या पोराचं काही अडलं नाही म्हणा. बापानं पैसे भरून दुसरीकडं घातला, आज कुठं तरी इंजिनियर आहे. खरे मार्क फक्त ज्यांना मार्कांशिवाय दुसरं काही नव्हतं त्यांना लागायचे.

आमची लता त्यांतली. तिला डीएड करायचं होतं. तेव्हा डीएडला बारावीच्या मार्कांवर नंबर लागायचा, आणि नंबर लागला की मास्तरीण झालीच समजा. कारखान्याला ऊस नव्हता, धुराडं थंड पडलेलं, माझा पगार कधी येईल ते खुद्द अण्णांना बी ठाऊक नव्हतं. घरातून बाहेर जायला लतासाठी एक ती वाट, नाहीतर लग्न.

सरांचा डबा आमच्या घरून जायचा. लताची आई करायची. ते शाकाहारी, म्हणून त्यांच्यासाठी तवा वेगळा, पातेलं वेगळं, उभ्या जन्मात त्यात अंडंसुद्धा पडू दिलं नाही तिनं. ज्वारीची भाकरी, पिठलं, कधी नुसता ठेचा. ते खाऊन झालं की डबा स्वतः घासून परत आणून द्यायचे आणि आज मीठ कमी होतं, हेही तोंडावर सांगायचे. ती म्हणायची, लातूरला जाऊन खा मग खारट. असं दोघांचं चालायचं.

त्या साली दुष्काळ पडला. टँकर यायचा, त्याच्यावर बाया कळशा घेऊन तुटून पडायच्या. प्रयोगशाळेत काचेच्या बरण्यांचे सेल होते. त्यात नवसागराचं पाणी घातलं, जस्ताची कांडी सोडली की करंट यायचा. वीज कधी असायची, कधी नसायची, म्हणून सगळा भार त्या बरण्यांवर. सर आपल्या वाटणीच्या घागरीतलं पाणी त्यांत ओतायचे. लताच्या आईनं एकदा बघितलं आणि तिचं डोकं फिरलं.

“माणसाला प्यायला न्हाई आन तुमी बरण्यांला पाजताय?”

“लताची आई, ह्याच बरण्यांतून तुमच्या लताची नोकरी निघायची हाय.”

दुसऱ्या दिवशी तिनं आपल्या घागरीतलं तांब्याभर पाणी डब्याबरोबर धाडलं.

पुढं टँकर दिवसाआड झाला, मग त्याचंही खरं नाही राहिलं. बरण्या आटल्या, आत नुसता पांढरा थर. दुसरा कुणी असता तर फळ्यावर चित्र काढून मोकळा झाला असता. ह्यांनी पोरांना मैदानात उन्हात उभं केलं. एक पोरगा बॅटरी, एक किल्ली, एक रोधक म्हणजे करंटला अडवणारा, आणि एक अमीटर म्हणजे करंट मोजणारा. हातात हात धरून गोल. किल्लीनं हात सोडला की करंट तुटला, सगळ्यांनी मटकन खाली बसायचं. चुकीचा बसला तर त्याला गोलाभोवती पळायला लावायचे. गावातली माणसं कुंपणाशी उभी राहून बघायची. म्हणायची, मास्तरला ऊन लागलं.

सर ओरडून सांगायचे, अमीटर गोलाच्या आत, करंट त्याच्या पोटातून जातो. व्होल्टमीटर बाहेर, तो लांबूनच दोन्ही टोकांचं बघतो.

वर्गात लता धरून तीन पोरी होत्या. एका पोरीचा बाप भर मैदानात येऊन म्हणाला, पोरींचे हात पोरांच्या हातात देता का, हेच शिकवता का. सरांनी वाद घातला नाही. त्या दिवसापासून तिन्ही पोरी व्होल्टमीटर. गोलाच्या बाहेर उभं राहायचं, हातात सुताची दोरी, तिची दोन टोकं रोधकाच्या दोन बाजूंना. सर हसून म्हणायचे, व्होल्टमीटर लई अब्रूदार असतो, करंट अंगाला लावून घेत न्हाई. सगळे हसायचे. त्या बापाचं समाधान झालं. घरी लताची आई सुद्धा म्हणाली, माणूस जाणता आहे, पोरींचं बघतो.

सालभर तसंच चाललं.

प्रॅक्टिकलच्या दिवशी बरण्यांचा उपयोग नव्हता, म्हणून एकाच्या ट्रॅक्टरची बॅटरी आणली. टेबल मीच मांडलं. काळे दोन मीटर, दिसायला भाऊ-भाऊ, खाली फक्त अक्षर वेगळं. लताची चिठ्ठी निघाली ओहमच्या नियमाची. तिला तो तोंडपाठ होता. झोपेत बडबडायची. तिनं एकेक वायर जोडली, कुठं थांबली नाही. किल्ली दाबली. अमीटरची सुई खाडकन जाऊन टोकाला आपटली, आणि जळक्या रबरासारखा वास सुटला. शाळेत तेवढा एकच अमीटर धड होता.

सर आले, वाकून पाहिलं.

“अमीटर कुठं जोडलास बे?”

“बाहेरून, सर.”

“कावून?”

परीक्षक आत पान लावत बसला होता, म्हणाला, जाऊ द्या हो सर, तुमचं तुम्हीच भरा आकडे.

लता घरी येऊन चुलीपुढं बसली. रडत नव्हती. म्हणाली, “बाबा, मला ठाव न्हवतं असं न्हाई. तोंडानं येत व्हतं. पर हात आपोआप बाहेरच गेला. सालभर मी बाहेरच उभी व्हते ना.”

हे तिच्या आईनं ऐकलं. डबा भरला, पदर खोचला आणि शाळेकडं निघाली. मी मागं. सर एकटेच टेबलाशी मार्क लिहीत होते, अजून पाकीट बंद झालं नव्हतं. ती समोर उभी राहिली. हात जोडले नाहीत, गयावया केली नाही. तिला ते जमायचंच नाही.

ती म्हणाली, “सर, तिला बाहेर उभी तुमी केली. मग चूक तिची कशी?”

सरांनी जळका मीटर पुढं ओढून पाहिला. मग म्हणाले, “चूक हातानं झाली. हात तिचा.”

“आन हे सगळ्यांला असंच का?”

“सगळ्यांला असंच.”

तिनं डबा टेबलावर ठेवला आणि वळली.

लताला तिसात चौदा पडले. बाकीच्या विषयांत चांगले होते. डीएडची यादी लागली, त्यात तिचा नंबर थोडक्यात हुकला. धारूरच्या एका पोरीचा लागला, जिनं प्रॅक्टिकलच्या दिवशी मीटर डोळ्यानं पाहिला नव्हता. तिला तीस होते.

मी बायकोला म्हणालो, आता त्या माणसाला भाकरी द्यायची नाही. मी लई वाईट बोललो. तिनं ऐकून घेतलं आणि परातीत पीठ काढलं. म्हणाली, “त्यांचं माप सगळ्यांला एकच हाय. आपल्या पोरीला कमी पडलं म्हणून माप खोटं न्हाई.” तिच्या हाताला पीठ, डोळे कोरडे. मला तिचा राग आला आणि कौतुकही वाटलं. पण जास्त रागच.

तुळशीची लग्नं लागली आणि त्यांतच लताचं उरकलं. पोरगा धारूरच्या डोंगरातला, कोरडवाहू जमीन, दरसाल ऊसतोडीला जाणारं घर. हळद अंगावर होती तवाच तिच्या हातात कोयता आला.

लताच्या सासरची ऊसतोडीची टोळी निघाली तेव्हा सर परीक्षेच्या कामाला बीडला चालले होते. चौसाळ्याला एसटी थांबली, आणि शेजारी टोळीचा ट्रक उभा. वर बायका-माणसं, भांडी, सरपण, कोंबड्या, शेरडं. तोंडाला फडकं बांधलेली एक पोर वरून ओरडली, “सर, नमस्कार.” त्यांनी ओळखलं नाही. तिनं फडकं खाली केलं. मग विचारलं, “औंदा बरण्यांत पाणी हाय का, सर?”

हे त्यांनी मला दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत सांगितलं. तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता म्हणाले, खरंच विचारत होती. “मी काय म्हणायचं होतं, मामा?” मी म्हणालो, “हाय म्हणायचं.” ते खिडकीपाशी गेले आणि तास भरेपर्यंत तिथंच उभे राहिले. त्या दिवशी पोरांना त्यांनी काही जोडायला लावलं नाही. नंतरही फार कमी.

पुढचं प्रॅक्टिकल आलं. परीक्षक तोच. सरांनी मला कपाट उघडायला सांगितलंच नाही. पोरं रांगेनं आली, सही केली, गेली. सगळ्यांना तीस. परीक्षक हाडूक चोखत म्हणाला, “सर, आता कसं माणसात आलात.” सर वरणभात खात होते. त्यांनी मान खाली घातली ती वर केली नाही.

त्याच दिवशी दिवस बुडायच्या सुमाराला ते आमच्या घरी आले. एरवी डबा द्यायला मागच्या दारानं यायचे, आज पुढून. विभूती नव्यानं लावलेली, धुतलेला सदरा. देवदर्शनाला यावं तसे. लताची आई अंगणात ज्वारी पाखडत होती. ते उभ्या उभ्याच म्हणाले, “लताची आई, यंदा सगळ्यांला पुरे मार्क दिले.”

मला वाटलं, ती बरं म्हणेल. मला स्वतःला बी आतून थोडं बरंच वाटलं होतं. तिनं सूप खाली ठेवलं.

“सगळ्यांला?”

“सगळ्यांला. एकही सोडला न्हाई.”

“मग माझ्या लेकीनं कुणाचं घोडं मारलं व्हतं?”

सर गडबडले. म्हणाले, तिच्यासाठीच केलं, तिला ट्रकात बघून माझ्यानं राहवलं नाही.

“तिच्यासाठी?” ती उठून उभी राहिली. एवढ्या वर्षांत मी तिचा आवाज तसा ऐकला नव्हता. मोठा नव्हता, पण पार बदललेला. “सर, मी लेक फडात धाडली आन तुमाला भाकर घातली. लोक हसले, हे रागावले. मी म्हणत व्हते, ह्या एका माणसाचं खरं हाय, आपल्या पोरीचं गेलं ते खऱ्यापायी गेलं. तेवढ्यावर मी झोपत व्हते. आता कशावर झोपू?”

“मग मी करायचं काय होतं?”

“एक तर गेल्या साली सोडायचं व्हतं. न्हाईतर आता धरून ऱ्हायचं व्हतं. तुमी दोन्हीकडनं माझ्या पोरीलाच काढली.”

सर उभे होते तिथंच राहिले. आयुष्यभर पोरांना ‘बोल बे, कावून’ विचारलेला माणूस. तिनं सूप उचललं आणि घरात गेली. थोड्या वेळानं ते आले तसे गेले. दुसऱ्या दिवसापासून त्यांच्यासाठी वेगळा ठेवलेला तवा आमच्या सगळ्यांच्या कामाला लागला. ते शाळेसमोरच्या हॉटेलात भजे-पाव खायला लागले. ती कधी त्यांचं नाव काढायची नाही, मी काढलं तर उठून जायची.

माझी मंडळी तशीच गेली, मनातलं मनात ठेवून. शेवटी शेवटी लता, लता करायची. सरांना तिनं माफ केलं होतं का, मला ठाऊक नाही. विचारायचं राहून गेलं असं नाही, विचारून बी तिनं सांगितलं नसतं. मांडवात ती पोरं हसत होती, तेव्हा मला वाटलं, उठून सांगावं, तुमचे मास्तर अर्धेच तुम्ही पाहिले. पण दहाव्याला भांडण नको म्हणून बसून राहिलो.

सगळ्यांना तीस दिले त्याच उन्हाळ्यात सरांनी राजीनामा दिला. नोकरी अजून शिल्लक होती, पण ऐकलं नाहीत. प्रयोगशाळेचं कपाट नंतर गंजलं. आता म्हणे तिथं निवडणुकीचं सामान ठेवतात.

ते निघाले त्या दिवशी मी त्यांची पेटी फाट्यावर नेली. झाड नाही, सावली नाही, नुसता माळ. कपाळाला विभूती नव्हती. दोघं पेटीच्या दोन बाजूंना उभे. माझ्या मनात त्यांच्याबद्दल काय होतं ते त्यांना ठाऊक होतं. केजची एसटी आली. मी पेटी वर चढवली. ते खिडकीशी बसले आणि एकदम मान बाहेर काढली.

“मामा, लता आली की तिला सांगा...”

“काय सांगू?”

ते विचार करायला लागले. ओठ हलत होते, भुवया वर गेलेल्या. मी खिडकीखाली तोंड वर करून थांबलो. ड्रायव्हरनं गिअर टाकला, कंडक्टरनं घंटी मारली, गाडी हलली. तोंड उघडं ठेवून बसलेला एक म्हातारा माणूस खिडकीतून लांब लांब जाताना दिसला, एवढंच.

त्या सालचा हंगाम संपला आणि लता माहेरी आली. अंगणात बसून पायांतले काटे काढता काढता तिनं विचारलं, “सर जाताना काही म्हणले का, बाबा?”

मी म्हणालो, “न्हाई.”